काम चोख आहे पण बाहेर कोणी ओळखत नाही: पर्सनल ब्रँड प्रकरणात फॅक्टरीतल्या शॉपवरच्या माणसाने नेमकं काय करायचं?

चाकणकर_क्यूए

नमस्कार मंडळी. मी चाकणला एका अ‍ॅल्युमिनियम डायकास्टिंग (वितळलेला धातू साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबाने भरून पार्ट बनवणं) कंपनीत क्वालिटीला आहे. डिप्लोमावर लागलो, नंतर नोकरी करत बीई पूर्ण केलं. कस्टमर कंप्लेंट, 8डी (कंप्लेंटचं मूळ कारण शोधून ती आठ पायऱ्यांत सोडवायचा रिपोर्ट), पीपॅप (नव्या पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची कागदपत्रं), आयएटीएफ (ऑटो उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) ऑडिट हे सगळं माझ्याकडेच असतं, रात्री लाइनवर पार्ट अडकला तरी फोन मलाच येतो. मागे आमच्याकडे क्वालिटी मॅनेजरची जागा निघाली आणि बाहेरून माणूस घेतला. माणूस हुशार आहे, मी त्याच्याकडून शिकतोय सुद्धा, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मुलाखतीच्या आधीच वरच्या लोकांना त्याचं नाव माहीत होतं, कारण तो सेमिनारला बोलतो, लिंक्डइनवर लिहितो, आणि आमच्याच एका कस्टमरच्या सप्लायर क्वालिटीवाल्याने त्याचं नाव सुचवलं होतं. मी साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, तुझं काम आम्हाला माहीत आहे रे, पण बाहेर तुला कोण ओळखतं?

तेव्हापासून पर्सनल ब्रँडिंगचे व्हिडिओ बघतोय. रोज पोस्ट टाका, पहिल्या ओळीत वाचणाऱ्याला धरून ठेवा, स्वतःची गोष्ट सांगा, रिंग लाइट घ्या. हे सगळं कोचिंग नाहीतर मार्केटिंगवाल्यांसाठी असेल, पण आमच्यासारख्याने काय करायचं? आमचं काम म्हणजे रिजेक्शन कमी करणं, त्याची गोष्ट सांगायची म्हटलं तर कस्टमरचं नाव येतं, पार्ट येतो, कंपनीची भानगड बाहेर येते. आणि घरात लहानपणापासून शिकवलंय की आपलं आपण सांगू नये. पण न सांगून जे झालं ते समोर आहे. कुणी स्वतः केलं असेल तर खरंखरं सांगा, मला मनापासून पुढे जायचंय.

आबा_भोसरी

चाकणकर, तुमचं वाईट वाटलं, असे बरेच जण पाहिलेत. मी प्लांट हेड म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे खुर्चीच्या पलीकडच्या बाजूने सांगतो. लिंक्डइन वगैरे मला फारसं कळत नाही आणि उथळ पाण्याला खळखळाट फार हे माझं मत अजून तसंच आहे. पण एक गोष्ट तुम्ही विसरताय, तुमचं नाव बाहेर जातंच आहे, रोज जातंय. 8डी रिपोर्टवर सही कोणाची असते?

कस्टमरच्या एसक्यूएच्या, म्हणजे सप्लायरची क्वालिटी बघणाऱ्या माणसाच्या, टेबलावर निरनिराळ्या सप्लायरचे रिपोर्ट येऊन पडतात. त्यातल्या बऱ्याच रिपोर्टमध्ये चौथ्या डीमध्ये, म्हणजे मूळ कारणात, लिहिलेलं असतं की ऑपरेटरचा निष्काळजीपणा, आणि पाचव्यात लिहिलेलं असतं ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं. असा रिपोर्ट आला की एसक्यूए मनात त्या माणसावर फुली मारतो. याउलट एखादा लिहितो की पार्टला बर (कडेला जास्तीच्या धातूची धार) राहिली कारण ती कापणाऱ्या ट्रिमिंग डायचा पंच झिजला होता, पंच बदलायची फ्रीक्वेन्सी शॉट्सवर (डाय किती वेळा भरला त्यावर) बांधली नव्हती म्हणून झिजला, आणि ती फ्रीक्वेन्सी बांधली नव्हती कारण कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कधी तपासायचं त्या तक्त्यात) ती ओळच नव्हती, आता ती घातली आणि तशाच बाकीच्या डायलाही घातली. हा सातवा डी, पुनरावृत्ती टाळण्याचा. तो वाचला की समोरच्याला कळतं की इथे विचार करणारा माणूस बसलाय. मी स्वतः असे दोन माणसं सप्लायरकडून उचलून आणलेत, दोघांनाही आधी रिपोर्टवरच ओळखत होतो. तर आधी तिथे बघा, फेसबुक-लिंक्डइन मागाहून.

मृण्मयी_टीए

आबा म्हणतात ते शंभर टक्के बरोबर, फक्त त्यात एक अडचण आहे, तो रिपोर्ट एका कस्टमरच्या एका फोल्डरमध्ये राहतो आणि तो एसक्यूए नोकरी सोडून गेला की तुमची ओळखही त्याच्याबरोबर जाते.

मी टॅलेंट अ‍ॅक्विझिशनमध्ये आहे, पुण्यातच, ऑटो आणि इंजिनियरिंगच्या जागा भरते. आमच्या बाजूने कसं दिसतं ते सांगते. कंपनी म्हणते आम्हाला डायकास्टिंग माहीत असलेला क्वालिटी माणूस हवा. मी नोकरी डॉट कॉमवर आणि लिंक्डइनवर शब्द टाकून शोधते, डाय कास्टिंग, एचपीडीसी (हाय प्रेशर डाय कास्टिंग), पोरोसिटी (धातूत राहिलेल्या पोकळ्या), लीक टेस्ट (पार्ट गळतो का याची तपासणी), पीपॅप, एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला अभ्यास), एमएसए (मोजमाप भरवशाचं आहे का याची तपासणी), आणि ज्यांच्या प्रोफाइलमध्ये हे शब्दच नाहीत ते मला दिसतच नाहीत, मग ते कितीही हुशार असोत. चाकणकर, तुमच्या प्रोफाइलवर काय लिहिलंय ते मला माहीत नाही पण मी पैज लावते की नावाखाली फक्त सीनियर इंजिनियर क्वालिटी आणि कंपनीचं नाव एवढंच आहे. तिथे 220 अक्षरं लिहिता येतात! आणि लोक त्यातली वीस-पंचवीस वापरतात.

तिथे पद लिहू नका, पद खाली दिसतंच. तिथे लिहा की तुमच्याकडे कुठला प्रॉब्लेम घेऊन यायचं. उदाहरणार्थ, अ‍ॅल्युमिनियम एचपीडीसी क्वालिटी, पोरोसिटी आणि लीक रिजेक्शन, आयएटीएफ 16949, कोअर टूल्स. हे इंग्रजीतच लिहा कारण आम्ही इंग्रजीतच शोधतो. पॅशनेट, डायनॅमिक, रिझल्ट ओरिएंटेड असले शब्द मी तरी कधी सर्चमध्ये टाकलेले नाहीत.

आणि ब्रँड म्हणजे फॉलोअर हा गैरसमज आधी काढून टाका. कोचला हजारो माणसं लागतात कारण तो कोर्स विकतो. तुम्हाला एक नोकरी किंवा एक बढती हवी आहे, त्यासाठी तुमच्या फील्डमधली पन्नास-साठ योग्य माणसं पुरतात, ज्यांच्यासमोर पोरोसिटी म्हटलं की तुमचं नाव आलं पाहिजे, बास.

तुषार_श्टुटगार्ट

मृण्मयीताईंना जोरदार अनुमोदन. यावर जुना अभ्यास पण आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एक पेपर लिहिला, बॉस्टनच्या एका उपनगरातल्या नोकरी बदललेल्या लोकांना विचारून. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली त्यांना विचारलं की ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. वारंवार भेटणारे फक्त 16.7 टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे 55.6 आणि क्वचित भेटणारे 27.8. म्हणजे जवळचे मित्र नव्हे तर लांबच्या ओळखी कामाला येतात, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. पुढे 2022 मध्ये सायन्स मासिकात लिंक्डइनच्याच दोन कोटी लोकांवरचा प्रयोग आला, त्यातही अगदी जवळच्या नव्हे तर मध्यम कच्च्या ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडल्या असंच निघालं. तुमचे साहेब, तुमचे शॉपवरचे मित्र, हे सगळे तुमच्यावर जीव टाकत असतील पण त्यांना बाहेरची जागा माहीत नसते. ती माहिती त्या एसक्यूएकडे असते जो वर्षातून एकदा ऑडिटला येतो.

इथे जर्मनीत अजून एक गंमत आहे, नोकरी सोडताना कंपनीकडून तुमच्या कामाचं लेखी प्रमाणपत्र मिळणं हा कायद्याने हक्क आहे, त्यामुळे थोडीफार ओळख कागदावर आपोआप सोबत येते. आपल्याकडे रिलीव्हिंग लेटरवर तारखांपलीकडे काही नसतं. म्हणून लिंक्डइनवरची रेकमेंडेशन्स मागून घ्या, आणि मागताना नुसतं लिहा ना सर असं म्हणू नका, अमुक प्रोजेक्टला आपण लीक रिजेक्शनवर एकत्र काम केलं त्याबद्दल चार ओळी लिहाल का असं विचारा, नाहीतर समोरचा ही इज अ हार्डवर्किंग पर्सन लिहून मोकळा होतो.

काय लिहावं हा तुमचा खरा प्रश्न. कंपनीचं काहीही न सांगता लिहिता येतं, मी दाखवतो. 2019 मध्ये एआयएजी (अमेरिकन) आणि व्हीडीए (जर्मन) या वाहन उद्योगाच्या संघटनांचं एकत्र एफएमईए हँडबुक आलं आणि त्यात आरपीएन (सिव्हिरिटी म्हणजे गांभीर्य, ऑकरन्स म्हणजे किती वेळा घडतं, डिटेक्शन म्हणजे पकडणं किती अवघड, या तीन गुणांचा गुणाकार) काढून अ‍ॅक्शन प्रायॉरिटी (तेच तीन गुण टेबलमध्ये बघून हाय, मीडियम की लो ते ठरवणं) आणली. अजूनही कित्येक सप्लायर आरपीएन 100 च्या वर गेला तरच अ‍ॅक्शन घेतात. आता बघा, सिव्हिरिटी 9, ऑकरन्स 4, डिटेक्शन 2, गुणाकार 72, म्हणजे जुन्या सवयीने कोणी ढुंकून बघणार नाही. नव्या टेबलमध्ये हे हाय येतं. आणि सिव्हिरिटी 3, ऑकरन्स 6, डिटेक्शन 6, गुणाकार 108, यावर लोक मीटिंगा घेतात, नव्या टेबलमध्ये हे लो आहे. एवढंच एका पोस्टमध्ये लिहिलंत, एका हाताने काढलेल्या टेबलासकट, तर तुमच्या लाइनमधला प्रत्येक माणूस थांबून वाचेल. यात कुठलं गुपित फुटलं? काहीच नाही, फक्त तुम्हाला हे नीट समजलंय एवढं दिसलं.

चाकणकर_क्यूए

तुषार, ही दोन उदाहरणं मी उद्याच टीमला फळ्यावर दाखवणार, आमच्याकडे अगदी हेच चालतं. मृण्मयीताई, पैज जिंकलात, तेवढंच लिहिलंय. आबा, सातव्या डीचं मनावर घेतलं.

नेहा_पिंपळे_सौदागर

इथे एक वेगळी बाजू मांडते कारण अशा चर्चेत ती राहून जाते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, बाळंतपणानंतर मोठी गॅप पडली. परत यायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं व्हिजिबल रहा, पोस्ट टाक. बाईने फोटोसह लिहायला लागलं की इनबॉक्समध्ये काय काय येतं ते बायकांना विचारा, त्यामुळे रोज पोस्ट टाका हा सल्ला सगळ्यांना सारखाच लागू होत नाही हे सांगणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मी पोस्टपेक्षा दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यावर भर दिला. टेस्ट ऑटोमेशनच्या ग्रुपमध्ये कोणाची स्क्रिप्ट अधूनमधून फेल होते, लॉग टाकलेला असतो, तो बसून वाचायचा आणि वेट (थांबायची सूचना) चुकीच्या जागी लावलाय हे दाखवून द्यायचं. ज्या टीम लीडने मला बोलावलं त्याने माझी एकही पोस्ट वाचलेली नव्हती, त्याच्या टीममधल्या मुलाला मी एकदा उत्तर दिलं होतं तेवढंच.

आणि गॅप लपवू नका बायांनो. लिंक्डइनवर 2022 पासून करिअर ब्रेक ही वेगळी नोंद करता येते, मातृत्व, आजारपणात घरच्यांची काळजी, सगळे पर्याय आहेत. मी सरळ लिहिलं आणि त्याखाली त्या काळात काय शिकले ते लिहिलं. मुलाखतीत कोणी खोदून विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं उरलंच नव्हतं.

आबा_भोसरी

नेहाताई, हे मला पटलं. दुसऱ्याची अडचण सोडवून होणारी ओळख ही खरी. मी खळखळाट म्हटलं त्यात हे बसत नाही, माझे शब्द तेवढे मागे घेतो.

अ‍ॅड_मिरजकर

चर्चा चांगली चालू आहे पण वाचणाऱ्यांत वेगवेगळ्या पेशातले लोक असणार म्हणून सावध करतो. आम्हा वकिलांना हे सगळं करता येत नाही. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 नुसार जाहिरात किंवा पक्षकार ओढण्याचा प्रयत्न हा व्यावसायिक गैरवर्तणुकीत येतो. 2008 च्या दुरुस्तीनंतर वेबसाइट ठेवता येते पण त्यात नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कुठल्या विषयात काम करतो एवढंच. जुलै 2024 मध्ये मद्रास हायकोर्टाने ऑनलाइन पोर्टलवर जाहिरात करणाऱ्या वकिलांवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हापासून तर फारच जपून राहावं लागतं. सीएंना 1949 च्या कायद्यातल्या पहिल्या परिशिष्टाची बंधनं आहेत, डॉक्टरांना 2002 चे नियम आहेत. म्हणून माझे तरुण ज्युनियर जेव्हा रील करतात आणि शेवटी संपर्क करा म्हणून नंबर टाकतात तेव्हा काळजी वाटते, सनद मिळवायला किती वर्षं घातलेली असतात. कायद्याच्या विषयावर लेख लिहा, लॉ कॉलेजात शिकवा, मराठीत सातबारा आणि वारसनोंदीवर लोकांना समजेल असं लिहा, ते चालतं आणि त्यातून माणूस आपणहून येतो.

नोकरदारांसाठी, अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. त्यात गोपनीयतेचं कलम असतं आणि बऱ्याचदा दुसरं उत्पन्न नको असंही असतं. यूट्यूब किंवा कन्सल्टिंगचे पैसे यायला लागले की हे कलम जागं होतं. सप्टेंबर 2022 मध्ये विप्रोने 300 जणांना काढलं ते थेट प्रतिस्पर्ध्यांकडे काम केल्याच्या कारणावरून होतं, ते प्रकरण वेगळं, पण कंपन्या त्यानंतर याकडे जास्त बारकाईने बघायला लागल्यात हे नक्की.

तलाठी_विदर्भ

आम्हा सरकारी लोकांचं पण सांगतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 समाजमाध्यमांनाही लागू आहेत आणि 2025 मध्ये शासनाने त्याबद्दल वेगळं परिपत्रकही काढलं. खाजगी आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, शासनाच्या धोरणावर टीका नको, गणवेश, सरकारी गाडी यांचे रील नको. कामाची माहिती देता येते पण स्वतःची स्तुती होणार नाही याची दक्षता घ्या असं त्यात आहे. मी ई-पीक पाहणी मोबाइलवर कशी भरायची हे गावच्या ग्रुपवर टप्प्याटप्प्याने समजावून टाकतो, बाजूच्या तालुक्यातूनही लोक विचारतात, मला तेवढं समाधान पुरतं.

चाकणकर_क्यूए

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या दिवसांत ऑडिट होतं म्हणून उशीर झाला. प्रोफाइल बदललं, मृण्मयीताई म्हणाल्या तसंच. कंपनीच्या एचआरकडून सोशल मीडिया पॉलिसी मागून घेतली, कस्टमरचं नाव, पार्टचा फोटो आणि रिजेक्शनचे आकडे नको, बाकी तांत्रिक लिहायला हरकत नाही असं लेखी मिळालं. आता पहिली पोस्ट लिहिलीय, मराठीतून इथे टाकतो, चुका सांगा.

"लीक टेस्टला पार्ट फेल झाला की बरेच ठिकाणी सरळ इम्प्रेग्नेशनला (पोकळ्यांत रेझिन भरून गळती बंद करायला) पाठवतात आणि विषय संपवतात. त्याआधी एक पार्ट कापून बघा. पोकळी गोल आणि आतून गुळगुळीत असेल तर गॅस अडकलाय, प्लंजरचा (धातू ढकलणाऱ्या दांड्याचा) पहिला टप्पा, व्हेंट (हवा बाहेर जायची वाट) चोकअप आणि डायवर मारलेलं जास्तीचं लुब्रिकंट तपासा. पोकळी वेडीवाकडी, कडा खडबडीत आणि जाड सेक्शनच्या मध्यावर असेल तर ती श्रिंकेज (गार होताना धातू आकसणं) आहे, इथे इंटेन्सिफिकेशन प्रेशर (डाय भरल्यावर दिलेला जास्तीचा दाब) आणि त्या भागातलं डाय कूलिंग बघायला लागेल. दोन्हींना पोरोसिटीच म्हणतात म्हणून दोन्हींवर तोच इलाज होतो आणि महिनाभराने कंप्लेंट परत येते."

सोबत कापलेल्या पार्टचा फोटो टाकू का?

आबा_भोसरी

छान लिहिलंय, माझ्या प्लांटमध्ये असतात तर हे नोटीस बोर्डावर लावलं असतं. फोटो नको. कास्टिंगवर पार्ट नंबर, कॅव्हिटी नंबर, कस्टमरचा लोगो उठावात असतो, आणि तो कापून टाकला तरी ज्याला पार्ट माहीत आहे तो आकारावरून ओळखतो. पेनाने दोन पोकळ्यांची आकृती काढा, एक गोल, एक काटेरी. ती फोटोपेक्षा जास्त समजते.

मृण्मयी_टीए

मला डायकास्टिंगमधलं ओ की ठो कळत नाही पण हे वाचून मला समजलं, यातच सगळं आलं. फक्त पोस्टच्या शेवटी विचारा की तुमच्याकडे यातली कुठली जास्त येते, म्हणजे त्या पन्नास माणसांना लिहायला जागा मिळते. आणि ज्यांनी खाली नीट उत्तर दिलं त्यांना कनेक्ट रिक्वेस्ट पाठवताना कोरी पाठवू नका, तुमचं व्हेंटबद्दलचं म्हणणं आवडलं असं एक वाक्य लिहा. तुमच्या सध्याच्या साहेबांनाही पोस्ट दाखवा, लपूनछपून केलं की नोकरी शोधतोय असा वास येतो. बढती बऱ्याचदा आतूनच मिळते.

तुषार_श्टुटगार्ट

एकच सुचवतो, पुढची पोस्ट लगेच दुसऱ्या दिवशी नको. महिन्यातून दोन झाल्या तरी चालतील पण सगळ्या याच विषयातल्या हव्यात. आज पोरोसिटी, उद्या नेतृत्वगुण, परवा क्रिकेटमधून शिकण्यासारखं असं झालं की लोकांच्या डोक्यात काही बसत नाही.

बीएस्सी_नांदेड

मी कामाला लागलेलोच नाही अजून. स्टॅटिस्टिक्समध्ये बीएस्सी झालंय, डेटा अ‍ॅनालिस्टसाठी अर्ज करतोय, पुण्यात ओळखीचं कोणी नाही. माझ्याकडे 8डी पण नाही आणि कस्टमर पण नाही. मी काय दाखवायचं?

नेहा_पिंपळे_सौदागर

तुझ्या जवळचा डेटा दाखव. टायटॅनिकच्या प्रवाशांचा सरावाचा डेटासेट प्रत्येक फ्रेशरच्या गिटहबवर (आपला कोड लोकांना दाखवायची साइट) असतो, घेणाऱ्यांना तो बघून बघून कंटाळा आलाय. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी साइटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात, लातूरच्या सोयाबीनचे काही वर्षांचे उतरवून घे, आवक आणि भाव यांचा संबंध बघ, रिकाम्या तारखांचं काय केलंस ते लिही, ज्या दिवशी भाव विचित्र दिसतो तो डेटाएंट्रीचा घोळ आहे की खरंच तसा होता हे कसं ठरवलंस ते लिही. मुलाखतीत हेच विचारतात. पुण्या-मुंबईच्या मुलाला सोयाबीनमध्ये ओलावा जास्त असला की भाव पडतो हे माहीत नसतं, तुला माहीत आहे.

बीएस्सी_नांदेड

ताई खूप आभार. आमच्या काकांची आडत आहे, सुट्ट्या आणि संपाचे दिवस त्यांच्या वहीत असतात, रिकाम्या तारखा त्यावरून जुळवता येतील. ती पण नोंद गिटहबवर टाकू का?

मृण्मयी_टीए

तारखा आणि बाजार बंद असल्याचं कारण एवढंच टाक, शेतकऱ्यांची नावं आणि काकांचे व्यवहार अजिबात नको. आणि रीडमीच्या (गिटहबवरच्या माहितीपानाच्या) पहिल्या दोन ओळींत काय सापडलं ते लिही, कुठली लायब्ररी वापरली ते खाली. तयार झालं की लिंक मला मेसेज कर, आमच्याकडच्या अ‍ॅनालिटिक्सच्या माणसाला दाखवते.